डाव्या कोपऱ्याच्या शेजारची

पद्मजा घाडीला कबड्डीतलं काही शिकवायला जाऊ नये, असं परळ-लालबागमध्ये आजही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला आवडतं. बाई चोपन्न वर्षांची. बँकेत नोकरी, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागलेले, पण मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली की जुनी माणसं अजून खुर्ची पुढे सरकवतात. एकेकाळी तिला 'कोपऱ्याची राणी' म्हणायचे. डाव्या कोपऱ्यावर पद्मजा उभी असली की भल्या भल्या चढाई करणाऱ्या त्या बाजूला फिरकायच्याच नाहीत. आल्याच, तर घोटा तिच्या हातात आणि गडी बाद.

म्हणूनच महिलांची नवी लीग निघाली तेव्हा मुंबईच्या संघाने कॉलेजच्या मुली पारखायला तिला बोलावलं. मंगळवारी ड्राफ्ट होता. आठ संघांनी पाळीपाळीने एकेक मुलगी उचलायची, आणि मुंबईची पाळी तिसरी. संघाला हवा होता डावा कोपरा. पद्मजाच्या हातात बारा मुलींची यादी दिली होती आणि तिने त्यातलं एक नाव पहिलं लिहून द्यायचं होतं. एवढंच काम. पण त्या एका नावावर एका पोरीचं आयुष्य इकडचं तिकडे होणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

संघाचा मॅनेजर हितेंद्र प्रभादेवीचाच, बत्तीस वर्षांचा, हुशार, पण लॅपटॉपशिवाय पाणीसुद्धा न पिणारा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, यात बघायचं काय आहे? डेटा एकदम क्लियर आहे. आकांक्षा. सात मॅचमध्ये तेहतीस पकडी. तुम्ही फक्त हो म्हणा."

"डेटाला एवढं कळतं तर मला कशाला बोलावलंत रे?"

"तुमचं नाव लागतं ना मॅडम. मालक तुमच्या नावावर डोळे मिटून सही करतील."

पद्मजा हसली. नाव लागतं, हे ऐकून कोणाला बरं वाटत नाही?

आकांक्षा माटुंग्याच्या कॉलेजची. राहायला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत. वडील वर्षभरात रिटायर होणार, मग क्वार्टर सोडावं लागणार, आणि पुढे कुठे जायचं ते घरात कोणी बोलत नव्हतं. उंच, सडसडीत पोरगी, पकड घोरपडीसारखी. पद्मजाने तिचे दोन सामने उभ्याने पाहिले आणि मनातल्या मनात नाव लिहूनही टाकलं.

तिसऱ्या सामन्याला गुडघ्याने असहकार पुकारला. कोणीतरी प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणून दिलं आणि पद्मजा अगदी मॅटच्या काठाशी बसली. उभं राहून बघणाऱ्याची नजर पायांवर जाते. बसल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आले ते हात.

कबड्डीत बचावाला उभ्या राहिलेल्या मुली दोघी-दोघींनी हात धरतात, त्याला साखळी म्हणतात. कोपऱ्यावरच्या आकांक्षाचा उजवा हात शेजारच्या पोरीच्या हातात होता. ही शेजारची म्हणजे दीपिका. नायगावची, ठेंगणी, चेहऱ्यावर काही विशेष नाही, सात सामन्यांत चार पकडी. बारा जणींच्या यादीत तिचं नावही नव्हतं. चढाई करणारी आत आली, डावीकडे झुकली. आकांक्षाचे खांदे पुढे गेले. दीपिकाने तिचा हात घट्ट दाबला. खांदे थांबले. चढाई करणारीने हूल दिली होती, ती मागे सरकली. पुन्हा आली. आता दीपिकाने हात एकदम सोडला, आणि सोडल्याबरोबर आकांक्षा सुटली. घोटा धरला, शिट्टी वाजली, टाळ्या पडल्या आकांक्षाला.

पद्मजाने पुढच्या सगळ्या पकडी तशाच पाहिल्या. दाबला की थांबायचं, सोडला की जायचं. एकदाही चूक नाही. अगो बाई, हे आपण कसं नाही पाहिलं दोन दिवस? आणि लगेच दुसरा विचार आला, जो तिने झटकून टाकला.

शनिवारी तिने कॉलेजचे प्रशिक्षक रामजी सर यांना सांगून सराव लावला आणि दोघींना वेगळं केलं. रामजी सर कुरकुरले, "जमलेली जोडी कशाला फोडताय बाई?" पण पद्मजापुढे कोणाचं चालतं? आकांक्षाशेजारी दुसरी मुलगी दिली, आणि जे व्हायचं ते झालं. आकांक्षा तीनदा हुलीवर सुटली आणि तीनदा तोंडघशी पडली. चौथ्यांदा सुटलीच नाही, नुसती उभी राहिली. पलीकडे दीपिकाच्या हातात एका कच्च्या पोरीचा हात होता, जिला सरांनी वर्षभर राखीव ठेवलं होतं. तिने पाच पकडी केल्या आणि स्वतःच चकित होऊन हाताकडे बघत राहिली.

सराव संपल्यावर पद्मजाने दीपिकाला बाजूला घेतलं. "तुला कळतं कसं गं, हात कधी सोडायचा ते?"

"चढाई करणारीची कंबर आधी वळते ना मॅडम. हूल देते तेव्हा नुसता पाय येतो, कंबर येत नाही." मग तिलाच शंका आली. "सगळ्यांनाच दिसत असेल की ते."

"नाही गं बाय," पद्मजा म्हणाली. "सगळ्यांना नाही दिसत."

रविवारी लोअर परळच्या ऑफिसात मुलींच्या मुलाखती होत्या. टेबलामागे हितेंद्र आणि पद्मजा. आकांक्षा इस्त्रीचा ड्रेस घालून आली होती, केसांना तेल, हात मांडीवर घट्ट धरलेले. हितेंद्रने डाएट विचारलं, जुन्या दुखापती विचारल्या, सगळं छान झालं. मग पद्मजाने विचारलं, "तुझ्या शेजारची कशी आहे?"

आकांक्षाने वर पाहिलं. तिला कळलं होतं. शनिवारच्या सरावानंतर न कळायला ती काही खुळी नव्हती. क्षणभर ओठ हलले, पण मग नजर टेबलावर गेली.

"ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. "मेहनती आहे."

पद्मजाच्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. कारण हेच शब्द, याच क्रमाने, तिनेही म्हटले होते. तीस वर्षांपूर्वी, बँकेच्या संघाची निवड होती, निवड झाली की बँकेत नोकरी, जागा एकच होती, आणि टेबलामागच्या साहेबांनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांना शंका आली असणार. तिच्या शेजारी साखळीत तेव्हा चंपा असायची. दोघींचं मंडळ एक, चाळी समोरासमोर, मैदानावर दहा वर्षं हातात हात. चंपा दाबायची, चंपा सोडायची, आणि पद्मजा धरायची. हे पद्मजाला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. चांगलं ठाऊक होतं. पण घरात बाबांची गिरणी बंद, पाठची दोन भावंडं, आणि साहेब वाट बघत होते. "ठीक आहे, सर. मेहनती आहे." नोकरी पद्मजाला लागली. चंपा त्यानंतर दोन वर्षं खेळली, मग लग्न, मग परळला पोळी-भाजीचं केंद्र. दोघी अजून मैत्रिणी आहेत. भेटल्या की हसतात. त्या दिवसाबद्दल मात्र कधी एक शब्द नाही.

आकांक्षा गेल्यावर हितेंद्रने लॅपटॉप मिटला. "झालं मॅडम. फायनल?"

"नाही. दीपिका."

"कोण दीपिका?"

"तिच्या शेजारची."

हितेंद्रला वाटलं, बाई मस्करी करतायत. "मॅडम, चार पकडी! आणि आपल्याला कोपरा हवाय. ती कोपऱ्यावर खेळतच नाही. मी मालकांना काय सांगू? सरावात एक दिवस वाईट गेला म्हणून तेहतीस पकडीवाली सोडली? हसतील मला."

"सांग, पद्मजा घाडी सांगते म्हणून."

"यावेळी नुसत्या नावावर नाही चालणार मॅडम. कारण द्या. असं कारण, की ते गप्प बसतील."

कारण तिच्याकडे होतं. एकच होतं, आणि ते दिलं की आयुष्यभर कमावलेलं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं होतं. परळमध्ये खुर्ची सरकवणारी माणसं, बँकेतला फोटो, मुलाच्या लग्नात पाहुण्यांनी केलेलं कौतुक, सगळं त्या नावाचं होतं. तिने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. देवा रे, काय हे, असं ती मनात म्हणाली. बोलू नये असं तिला फार फार वाटलं.

मग ती बोलली. "मी जी कोपऱ्याची राणी होते ना, ती मी नव्हते. माझ्या शेजारी चंपा कांबळे होती. कधी सुटायचं ते ती ठरवायची, मी फक्त धरायचे. निवडीच्या वेळी मला विचारलं, शेजारची कशी आहे, तर मी म्हटलं, ठीक आहे. चंपा नसताना बँकेकडून पहिल्या वर्षी मी अकरा सामने खेळले, काढून बघ कागद कुठे असतील तर. पकडी किती? नऊ. साहेब म्हणाले, नवीन आहे, दडपण आलंय. पुढे मला सांभाळून घेणारी दुसरी मिळाली, म्हणून निभावलं. हातातली ताकद कोणालाही कमवता येते रे हितेंद्र. ही पोरगी जे बघते ते लाखात एखादीला दिसतं. तिच्या शेजारी तू कोणालाही उभं कर, तो तुझा कोपरा."

हितेंद्रने मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाला, "मग मॅडम, आम्ही मुली पारखायला चुकीचं माणूस घेतलं म्हणायचं."

"हो. चंपाला घ्यायला हवं होतं."

"हे मी मालकांना असंच सांगू?"

"असंच सांग. काही गाळू नको."

त्याच संध्याकाळी तिने आकांक्षाला फोन केला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं, एवढं तरी. "मी दीपिकाचं नाव दिलंय. तुझी पकड चांगलीच आहे," ती म्हणाली, "पण कधी सुटायचं ती वेळ तुझी नाही. ती शिकावी लागेल. वर्षभर शीक, मी शिकवते."

पलीकडे आधी हुंदका, मग राग. "तुम्ही माझं नाव कापलंत मॅडम! पप्पांचं घर जातंय, माहितीये तुम्हाला? ती दीपी, तिला तर स्वप्नातसुद्धा नव्हतं हे! आणि तुम्ही काय शिकवणार मला?"

फोन कापला गेला. पोरीचं काही चूक नाही, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मंगळवारी वरळीच्या हॉटेलात ड्राफ्ट झाला. मुंबईची पाळी आली, हितेंद्रने माईक घेतला आणि दीपिकाचं नाव वाचलं. मागच्या खुर्च्यांवर एकाने दुसऱ्याला विचारलं, "ही कोण?" दीपिका तिथे नव्हतीच. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिला फोनवर कळलं तेव्हा म्हणे तिने रामजी सरांना तीनदा विचारलं, "सर, नक्की मीच ना? आकांक्षा नाही ना?" शनिवारच्या सरावाची बातमी बाकीच्या संघांपर्यंतही पोचली होती; आकांक्षाला शेवटच्या फेरीपर्यंत कोणीच घेतलं नाही.

हॉटेलातून पद्मजाने टॅक्सी केली ती थेट परळ. रविवारपासून दोन दिवस ती चंपाकडे जायचं ठरवत होती आणि दोन दिवस काही ना काही काम निघत होतं. निघत होतं कसलं, काढत होती. पण आता हितेंद्रकडून ही गोष्ट मालकांपासून रामजी सरांपर्यंत चार लोकांत गेली होती, आणि कबड्डीवाल्यांच्या पोटात काही राहत नाही.

केंद्रात संध्याकाळची गर्दी ओसरली होती. चंपा तव्यापाशी होती, हाताखालची बाई डबे पुसत होती. चंपाने पाहिलं आणि लाटणं न थांबवता म्हणाली, "ये पद्मे. बस."

पद्मजा बसली नाही. "चंपे, तुला एक सांगायचंय. बँकेच्या निवडीच्या वेळी त्यांनी मला तुझ्याबद्दल विचारलं होतं. मी..."

"ठीक आहे म्हणालीस. ऐकलं मी."

"रामजी सरांनी सांगितलं? डबा न्यायला आले असतील."

"सरांनी काल सांगितलं." चंपाने पोळी उलटली. "पण मला तीस वर्षं माहितीये. निवड झाल्यावर तू पेढे घेऊन घरी आलीस, आईच्या पाया पडलीस, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. तेव्हाच कळलं."

पद्मजा तव्याजवळ आली. "मग बोलली का नाहीस गं? शिव्या घालायच्या होत्यास. थोबाडीत मारायची होतीस."

"मी कशाला बोलू? तू बोलशील म्हणून थांबले होते." तिने तवा उतरवला, गॅस बंद केला. "पहिली दहा वर्षं थांबले. मग सोडून दिलं."