जावयासाठी ठेवलेली चादर

मी एक जुनी चादर आहे. जुनी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी या घरात माझ्याएवढा मान कुणालाच नव्हता. जाड सुताची, निळ्या काठांची, आणि डाग म्हणाल तर औषधालाही नाही!

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आईने मला विकत आणलं. आई मालाच्या गोदामात वजनकाट्यापाशी बसायची. गोणी काट्यावर चढायची आणि ती वजन सांगायची. त्यामुळे कुठल्याही वस्तूवर चटकन विश्वास ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुकानात तिने माझे दोन्ही काठ मुठीत धरून मला असं ताणलं की दुकानदारच ओरडला, "अहो बाई, फाटेल ना!"

"फाटायची असेल तर इथेच फाटू दे," आई म्हणाली.

मी फाटले नाही. मग मला घरी आणलं, धुतलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. मी फक्त जावयांसाठी होते. ते मुक्कामाला आले की मी बाहेर यायचे आणि ते गेले की धुऊन, घडी घालून पुन्हा वर जायचे. ते भिंती रंगवण्याचं काम करतात. नखांतला रंग कितीही घासला तरी पूर्ण निघत नाही, म्हणून ते बिचारे माझ्यावर हात आवरून झोपायचे. एरवी मला कुणी बोट लावलं की आई कडाडायची, "ठेव ती! जावईबापूंची आहे." हे ऐकलं की मी कप्प्यात आणखी फुगायचे.

मग एका सकाळी आईचा डावा हात आणि डावा पाय दोन्ही रुसले. बोलणं शाबूत राहिलं, पण उठणं संपलं. लेक तिला आपल्या घरी घेऊन आली आणि आईच्या कपड्यांच्या गाठोड्यातून मीही आले. पलंग उजव्या बाजूने भिंतीला टेकवला होता, आई पडू नये म्हणून. पहिल्याच आठवड्यात धुतलेल्या चादरी संपल्या, तेव्हा लेकीने माझी दुहेरी घडी घातली आणि मला आईच्या पाठी-कमरेखाली आडवं पसरलं.

"अगं, ही कशाला? ही त्यांची..." आईने तोंड उघडलं.

"आई, चादर ती चादर," लेक म्हणाली.

माझा अहंकार तिथेच उतरला. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं माझ्यावर दोन-चार रात्री झोपलेला पाहुणा आणि आता चोवीस तास आई. कामाला आले याचा आनंद होता. तो फार काळ टिकला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. आमच्याकडे पाय पसरायलाच दुसरं माणूस लागत होतं. आई उशीवरून हळूहळू खाली घसरायची. मग लेक डोक्याशी उभी राहायची, आईच्या काखांत हात घालायची आणि दात-ओठ खात वर ओढायची. आई ओढली जायची, मी खाली चुरगळायचे आणि आईची कातडी माझ्यावर घासायची. लेक घरीच शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर वाकून तिची कंबर आधीच कुरकुरत होती. एकदा असंच ओढता ओढता ती धपकन पलंगावर बसली आणि म्हणाली, "आई गं! काय वजन आहे तुझं!"

राग नव्हता त्यात. थकलेलं माणूस बोलतं तसं ती बोलून गेली आणि पुढच्या कामाला लागली. आई मात्र छताकडे बघत राहिली. माझ्यावर तिचं अंग होतं, म्हणून मला कळलं की ती श्वास रोखून पडली आहे. जणू तेवढ्यानेही ती हलकी होणार होती.

जावई घरात नव्हते असं नाही. ओढण्याची वेळ झाली की ते स्वयंपाकघरात जायचे आणि उगाच भांडी हलवायचे. कारण पहिल्याच दिवशी आईने लेकीला दटावून सांगितलं होतं, "त्यांना बोलवायचं नाही हं. जावयाने मला काखेत धरायचं म्हणजे... त्यापेक्षा मी घसरलेली बरी." तिला लाज वाटायची आणि त्यांना तिच्या लाजेचा मान राखायचा होता. आतून आईचं कण्हणं ऐकू आलं की बाहेर भांडी जोरात वाजायची. एकाच घरात तीन माणसं एकमेकांना जपत होती आणि त्यात तिघांचेही हाल होत होते.

लेक वजनाचं बोलून गेली त्या दिवसापासून आईची ताटली रिकामी परत जाऊ लागली. लेक खूश. "बघा, आईला भूक लागायला लागली!" पण मला ठाऊक होतं. लेकीची पाठ वळली की आईचा उजवा हात भिंतीकडे जायचा आणि पावाचा तुकडा माझ्या दुहेरी घडीत सरकायचा. कधी अख्खा पाव, कधी उकडलेल्या बटाट्याचा अर्धा भाग. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी तिचं गुपित पोटात घेऊन पडून राहायचे. मला तोंड नाही, मी काय करणार? असं म्हणून मी मनाला समजावते, पण ते पटत नाही. कारण ते तुकडे वाळले, कडक झाले आणि लेकीने आईला ओढलं की तेच माझ्या घडीतून आईच्या कमरेला रुतायचे. रुतवत होते ते मीच की नाही?

आईच्या कमरेजवळ लाल चट्टा उठला. मग तिथली कातडी सोलली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना घरी पाठवलं.

बाई आल्या, त्यांनी जखम पाहिली आणि लेकीला विचारलं, "वर कशा सरकवता? दाखवा."

लेकीने काखांत हात घातले मात्र, बाई म्हणाल्या, "थांबा, थांबा! असं ओढल्याने त्यांचा खांदा निखळेल आणि तुमची कंबर जाईल. कातडी गेलीच आहे. आधी पलंग भिंतीपासून पुढे घ्या. दोन्हीकडे माणूस उभं राहायला हवं."

पलंग ओढायला जावयांना हाक मारली. पलंग ओढायला काय, त्यात लाज नव्हती. त्यांनी खाली मान घालून पलंग पुढे घेतला. मी भिंतीशी अडकले होते ती सुटले, माझी घडी उलगडली आणि खडखड करत पावाचे वाळके तुकडे जमिनीवर पडले.

लेक खाली बसली. एक तुकडा तिने हातात घेतला, दुसरा घेतला. "आई, हे काय आहे?"

"काही नाही गं."

"आई!"

"तू म्हणालीस ना, वजन आहे म्हणून," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "काट्यावर गोणी जड भरली तर हमालाला बोल लावायचा नसतो. गोणीतला माल काढायचा असतो. म्हटलं, जरा हलकी झाले तर तुझी कंबर तरी..."

लेकीने आईच्या लुळ्या हातावर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडली. "मी सहज बोलले गं. माझी जीभ का नाही झडली?" आई तिचं डोकं थोपटायचा प्रयत्न करत होती, पण चांगला हात तिथवर पोचत नव्हता. त्या वेळी माझा जीव नुसता तळमळला. मला वाटलं, माझ्या चिंध्या झाल्या असत्या तरी चाललं असतं, पण हे तुकडे आधी खाली पडायला हवे होते.

बाईंनी लेकीला थोडं रडू दिलं. मग म्हणाल्या, "आजी, तुमचा हिशेब चुकला. माल काढायचा नाही, हमाल वाढवायचा. दुसरं कोण आहे घरात?"

लेकीने जावयांकडे पाहिलं. आईने मान जोरात हलवली. जावई दाराकडे निघालेच होते.

"त्यांनी तुम्हाला धरायचंच नाही," बाई म्हणाल्या. "चादरीला धरायचं."

मित्रांनो, त्या क्षणी सगळे माझ्याकडे बघत होते! बाईंनी आईला सपाट उताणं झोपवलं आणि उशी डोक्यामागे उभी लावली, डोकं आपटू नये म्हणून. आईचा चांगला गुडघा तिचा तिने दुमडला, रुसलेला लेकीने दुमडून ठेवला. हात छातीवर, हनुवटी खाली. माझे दोन्ही काठ आईच्या अगदी अंगाजवळ गुंडाळून एक लेकीला, एक जावयांना घट्ट मुठीत धरायला लावला. "पाठ ताठ. पाय फाकवून उभे राहा, गुडघे जरा वाकवा. हाताने हिसका द्यायचा नाही. तीन म्हटलं की अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा."

रंगाच्या नखांनी मला घट्ट धरलं. जावई मान खाली घालूनच म्हणाले, "आई, मी फक्त चादर धरलीय हं. मला आधीच यायला हवं होतं. माफ करा."

"तुमचीच चादर आहे," आई पुटपुटली.

एक, दोन, तीन. आई माझ्यासकट उशीपर्यंत अलगद गेली. ना कण्हणं, ना घासणं. बाईंनी माझ्या सुरकुत्या तळहाताने सपाट केल्या. संध्याकाळी आईने वाटीभर सूप संपवलं आणि वाटी पुढे केली. "अजून दे थोडं. आता हमाल दोन आहेत."

जखम भरली. मी मात्र विरत चालले आहे. रोज मुठीत धरल्याने माझा निळा काठ पातळ झाला आहे. परवा दोघांनी मला उचलायला धरलं आणि माझ्यातून बारीकसा चर्र आवाज आला. त्यांना ऐकू गेला नाही, आईला गेला. मला धडकीच भरली. आई आजवर सगळं गिळत आली, हेही गिळणार. माझ्यावरची तिची माया नडणार आणि मी मधेच फाटून तिला पाडणार!

"एक, दोन..." जावई म्हणाले.

"थांबा!" आई ओरडली. "काठ फाटतोय. गोणी बदला."

म्हणून मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू म्हणतात तसं "मला जपा" असं मी म्हणणार नाही. मला वेळेवर बदला. अंथरुणावरच्या माणसाला एकट्याने ओढू नका. चादरीची घडी रोज उलगडून बघा. आणि तुमच्या आईला कधी जड म्हणालाच असाल, तर आज तिच्या जेवणापाशी शेवटच्या घासापर्यंत बसा.