नसलेली मूठ

बाइंडिंगच्या दुकानात कागद कापायच्या मशीनने ताईचा उजवा हात कोपराखालून नेला, तेव्हा घरच्यांनी तिला जपायचं ठरवलं. ते जपणंच तिला जाचायला लागलं.

कृत्रिम हात बसवणाऱ्या तंत्रज्ञाने तिच्या उजव्या हाताच्या उरलेल्या भागाला दोन चकत्या चिकटवल्या. "स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. तिच्यावरच हा हात मिटतो-उघडतो. आवळा बरं मूठ."

"कुठली? जी नाहीये ती?"

"तीच."

ताईने दातओठ खाऊन मूठ आवळली. चकत्यांना जोडलेल्या पडद्यावरची रेघ ढिम्म हलली नाही.

धाकटा भाऊ शेजारी चुळबुळत होता. "ताई, शोभेचा हात घेऊ या ना. बाहीतून खरा वाटतो. लोकांना कळणारही नाही."

"कळलं तर लोकांचं काय जातंय?" ताई तंत्रज्ञाकडे वळली. "स्नायू मेलाय की झोपलाय?"

"झोपलाय म्हणा. पण सगळ्यांचाच उठतो असं नाही."

"माझा उठेल. उठवते मी."

घरी ती उरलेल्या हातावर डाव्या हाताची बोटं टेकवून बसायची आणि नसलेली मूठ आवळत राहायची. भावजय हसायची, "वन्सं, कुणाला ठोसा मारताय?"

"रांग मोठी आहे. तुझा नंबर आला की सांगते."

एका दुपारी कातडीखाली काहीतरी फुरफुरलं. पुढच्या खेपेला पडद्यावरची रेघ उडाली. त्याच्या पुढच्या खेपेला तंत्रज्ञाने नव्या हातासाठी माप घेतलं.

हात आला. त्यावर चढवायचा कातडीच्या रंगाचा हातमोजा ताईने पिशवीतच ठेवला आणि तारा, सांधे उघडे टाकून कामावर हजर झाली.

मालक म्हणाले, "तू आता काउंटरवर बस. आणि ते झाकून ठेव, गिऱ्हाइकं भितात."

"भितील त्यांना दुसरं दुकान दाखवा. मी बाइंडर आहे."

पहिल्या पुस्तकाची पानं तिने चुरगाळली. दुसऱ्याची शिवण सुटली. मालक पाठीमागे उभेच होते. तिने वळून पाहिलं नाही. जेवणानंतर मात्र नव्या हाताने गठ्ठा नीट दाबून धरला आणि डाव्याने तिने पुस्तकाच्या पाठीला सरस लावला, एकसारखा. संध्याकाळी बॅटरी उतरली, तर गठ्ठा कोपराने दाबून तिने काम पुढे रेटलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर मालक स्वतःच बसले.