योग्य वेळ आणि तृप्तीचा डावा पाय

खाणीतल्या फोरमनच्या परवान्याची परीक्षा नेमकी केव्हा द्यावी, या विषयाचा माझ्याइतका अभ्यास आमच्या चिखला खाणीत कोणाचाच नाही. परीक्षेचा अभ्यास तेवढा राहिला आहे.

माझं म्हणणं असं की डिप्लोमा झाल्याझाल्या बसावं तर पुस्तकं पाठ असतात, पण खाण कळलेली नसते. खाण कळेपर्यंत पुस्तकं विसरलेली असतात. या दोन्हींच्या मध्ये एक योग्य वेळ येते, ती पकडायची. मी ती नऊ वर्षं पकडतो आहे. प्रविण नवा लागला तेव्हा त्यालाही चहा पाजून हे समजावलं होतं. त्याने मान डोलावली आणि त्याच महिन्यात फॉर्म भरला. आता तो फोरमन आहे आणि माझी ड्युटी लावतो. अजूनही मला 'सर' म्हणतो, ते जास्त झोंबतं.

मी हातावर हात ठेवून बसलो होतो असंही नाही. फॉर्मला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते तीन वर्षांनी बाद होतं. पहिलं बाद झालं तेव्हा माझी उजळणी राहिली होती. दुसऱ्याच्या वेळी गावी बपेऱ्याला घरच्या धानाची रोवणी होती. माझ्यावाचून रोवणी अडली नसती, पण परीक्षा अडली. दर खेपेला मी नव्याने कोर्स केला आणि सरावाला बायकोचा डावा पाय मोडला आहे असं धरून तो बांधला.

आता तिसरं प्रमाणपत्र अकरा दिवसांत संपणार होतं. त्यात खाणीतले दुसरे फोरमन पुंडलिकराव निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी बाहेरचा माणूस आला, की मग आमचं रामनाम सत्य.

म्हणून रविवारी दुपारी मी पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या काढल्या. चौथ्या कोर्सची तयारी. तृप्ती लाखोरीची डाळ निवडत होती.

"पाय दे," मी म्हटलं.

"यंदा माही पारी," ती म्हणाली आणि मला खुर्चीत बसवून माझेच दोन्ही पाय कामट्यांना बांधू लागली.

"गाठ चपटी पायजे."

"नऊ वर्सं पाहून राहिली मी. शिकवू नका." तिने गाठ मारली आणि मांडीवर लॅपटॉप ठेवला. "फारम भरा. भरल्याबिगर सोडत नाही."

"यंदा तयारी नाही झाली ना. पुढच्या बारीले पक्कं भरतो."

"तयारीचं नाव कायले सांगता? भेव लागते तुमाले."

खरं होतं ते. नापास झालो तर दुसऱ्या दिवशी प्रविणसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू, या एका भीतीने मी नऊ वर्षं काढली होती. तेही तिला सांगून टाकलं.

"झाले नापास तं झाले," ती म्हणाली. "पट्टी बांधाले मी हावो न."

मी फॉर्म भरला. पाय बधीर झाले होते. पट्टी जरा जास्तच आवळली होती, या कामातला माणूस म्हणून सांगतो. सबमिट दाबून गाठ सोडवायला वाकलो, तर तिने माझा हात बाजूला केला.

"थांबा. आधी पावती दाखवा."