नेरेइदाचा गुडघा

"गुडघा आमच्या सामन्यात गेलेला नाही, सेन्योरिता," फुटबॉल क्लबचा संचालक बार्रागान म्हणाला. "देशाच्या सामन्यात गेला. देशाकडे मागा."

माझी धाकटी बहीण नेरेइदा त्याच्यासमोर बसली होती. डावा पाय बाजूच्या खुर्चीवर ताठ ठेवलेला, गुडघा सुजून टम्म झालेला. कुबड्या माझ्या हातात.

"देश म्हणतो, क्लबकडे जा," ती म्हणाली.

"मग देशाला पुन्हा विचारा."

"सुई टोचून खेळवलंत मला, साहेब. उभं राहता येत नव्हतं तेव्हासुद्धा."

"आणि आम्ही नाव दिलं तुम्हाला! नाहीतर नदीपलीकडच्या पोरीला इथं माँतेर्रेमध्ये कोण ओळखत होतं?"

नेरेइदाने माझ्या हातातून एक कुबडी खेचून घेतली. ती आता त्याच्या टेबलावर हाणणार असंच मला वाटलं. पण ती उठली, आणि दार मात्र असं आपटलं की भिंतीवरचा करंडकांचा फोटो तिरका झाला.

आम्ही दोघी लारेडोच्या. नदीच्या टेक्सासकडच्या काठावर जन्मलेल्या. पापा पलीकडच्या, मेक्सिकोच्या काठावरचे. ट्रकच्या सीटा शिवतात. रविवारी पूल ओलांडून आजीकडे जायचं, भाजलेलं करडू खायचं आणि संध्याकाळी परत यायचं. दोन देश म्हणजे आमच्या लेखी फक्त पुलावरची रांग.

नेरेइदाच्या पायात चेंडू आला आणि देश मध्ये आले. शाळेत असतानाच अमेरिकेच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. दोन वर्षं खेळवलं आणि मग 'उंची कमी पडते' म्हणून घरी पाठवलं. मेक्सिकोने बोलावलं तेव्हा तिने हो म्हटलं. त्याच आठवड्यात दुकानात तिची जुनी मास्तरीण भेटली. "शिकलीस आमच्याकडे आणि खेळणार त्यांच्याकडून? शाबास!" हातातले टोमॅटो तिथंच टाकून नेरेइदा बाहेर पडली.

तिकडे गेली तर कर्णधार माक्लोव्हियाने पहिल्याच सरावाला विचारलं, "ए पोचा, पास दे म्हणून स्पॅनिशमध्ये ओरडू की इंग्रजीत?" पोचा म्हणजे नासकं फळ. नदीपलीकडे जन्मलेल्या आमच्यासारख्यांना तिकडे हेच म्हणतात.

मग तिने अमेरिकेविरुद्ध गोल केला. टीव्हीवरचा माणूस घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "आपली पोरगी! आपल्या मातीतली पोरगी!" पुढच्या सामन्यात तिच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, तेव्हा तोच माणूस म्हणाला, "तिकडे वाढलेल्यांकडून अपेक्षा तरी काय करणार?" मी टीव्ही बंद केला. पापांनी तो परत लावला. "ऐकू दे," म्हणाले. "कोण काय बोलतं ते कळू दे."

गुडघ्याचं लिगामेंट फाटलं ते होन्डुरासमध्ये, चिखल झालेल्या मैदानावर. राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक ओर्दुन्या फोनवर गोड आवाजात म्हणाला, "ऑपरेशनच्या खर्चाचं क्लबला विचारा. आणि तुमच्याकडे पलीकडे एवढी उत्तम इस्पितळं आहेत. तिथंच करून घ्या की. तुम्ही तर तिकडच्याच."

"गोल केला तेव्हा कुठली होते मी?" नेरेइदाने विचारलं. फोन तोवर ठेवला गेला होता.

असे महिने गेले. मांडीचं मांस उतरलं. आणि मग त्याच ओर्दुन्याचा पुन्हा फोन आला. माँतेर्रेला अमेरिकेशी सामना होता. खेळ सुरू होण्याआधी नेरेइदाने झेंडा घेऊन, कुबड्यांवर, मैदानात यायचं. "लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा."

"येते," ती म्हणाली.

पापा भडकले. "त्यांच्या तमाशात नाचणार तू?"

"नाचता येतंय कुठं, पापा?"

मैदानाच्या मधोमध तिच्या हातात माइक दिला. मी कडेला उभी होते. ती म्हणाली, "गुडघा देशासाठी गेला. देश म्हणतो, तो क्लबचा. क्लब म्हणतो, देशाचा. ज्याचा असेल त्याने पुढे या. मी इथंच उभी आहे."

माइक बंद पडला; म्हणजे कुणीतरी केला. ती तशीच ओरडत राहिली. वरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी "पोचा, चालती हो!" म्हणून बोंबललं. ओर्दुन्या लाल तोंडाने धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला.

"हात काढा," माक्लोव्हिया म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही. तिच्यामागे बाकीच्या दहाजणी.

"खेळ सुरू करायचाय," ओर्दुन्या दात-ओठ खात म्हणाला. "सगळं जग बघतंय."

"बघू दे. हिचं ऑपरेशन कधी ते सांगा. कॅमेऱ्यासमोर सांगा. मग खेळतो."

त्याने सांगितलं. सांगावंच लागलं. सामना संपवून परत येताना माक्लोव्हिया नेरेइदाच्या कानाशी पुटपुटली, "बोलताना दोन क्रियापदं चुकवलीस, पोचा." हॉटेलवर पोचेपर्यंत नेरेइदा हसत होती, आणि मग रडली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर भला होता, पण खरं बोलला. "आधी आणायला हवं होतं. चालशील. धावणं विसर." क्लबने करार संपवला. माक्लोव्हियाला पुन्हा राष्ट्रीय संघात बोलावलं नाही. कारण कुणी दिलं नाही, कुणी विचारलंही नाही. ओर्दुन्या अजून तिथंच आहे. टीव्हीवर दिसला की मी आजही त्याला शिव्या घालते, मुलं समोर असली तरी.

घरी परतताना नेरेइदाने गाडी नको म्हटलं. नुएवो लारेडोच्या, म्हणजे आजीच्या बाजूने आम्ही पायी पूल चढलो. भर दुपार, खाली नदी मातकट. ती कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. मागे बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. कुणी पुढे घुसलं नाही.

पलीकडच्या खिडकीत नवा, तरुण अधिकारी होता. त्याने पासपोर्ट बघितला, मग तिचा पाय.

"काय झालं?"

"फुटबॉल."

"अरे वा! कुठल्या बाजूने खेळायचीस?"

नेरेइदाने पासपोर्ट परत घेतला आणि खिशात घातला.

"डाव्या," ती म्हणाली, आणि पाय ओढत पुढे निघाली.