न दुखणारा तळवा

बुद्धविहाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चिकट भाताच्या टोपल्या मांडीवर घेऊन माणसं सकाळपासून बसली होती. मध्ये शेगडीवर नांगराचा फाळ लालभडक तापला होता. खामपान गुरुजींनी उजवा पाय तेलाच्या परातीत बुडवला, फाळावर टेकवला, भपकन जाळ उठला आणि त्याच पावलाने ते पालथ्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या कमरेवर चढले. गर्दीने हात जोडले. म्हातारा म्हणाला, "बरं वाटतंय." त्यात खोटं काही नव्हतं. ऊन पावलाने कंबर रगडली तर कुणालाही बरंच वाटेल.

मी, बुआलाय, स्वतः मालिश करते. तीस वर्षं दाबणं, ताणणं, तुडवणं यावरच माझं पोट आहे. माझे वडीलही असाच फाळ तुडवायचे, पण कंबर आणि गुडघे यापलीकडे त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. खामपानांचं दुकान मोठं. मधुमेह, मूतखडा, सुनेशी न पटणं, सगळ्यावर एकच पाय.

"माझ्यात आजेगुरूंचा आत्मा आहे," ते सांगत होते. "त्यांनी ज्याला पदरात घेतलं त्याला अग्नी लागत नाही. लागला तर समजा, पाप शिल्लक आहे. पुढच्या बुधवारी कोंबडी घेऊन या."

मग निवत आलेला दुसरा फाळ एकेकाच्या तळव्याला टेकवत ते निघाले. जो तो हाय करून पाय ओढून घेई आणि पापी ठरे. माझी थोरली बहीण सेंगदा मात्र शांत पडून राहिली. हा तिचा तिसरा बुधवार.

"बघा," गुरुजी म्हणाले, "हिची साखर आत्म्याने चाटूनपुसून नेली."

ताईने साखरेच्या गोळ्या गुरुजींच्या सांगण्यावरून पहिल्याच बुधवारी ओढ्यात टाकल्या होत्या. आज तिच्या तळव्यावर मला काळा डाग दिसला, आणि वासही आला. मला धसका बसायला हवा होता. बसला नाही. आत सगळं गार पडलं होतं. मी नुसती उठून पुढे गेले.

"गुरुजी, ताईला एक विचारू?"

"विचार की, बुआलाय. तीस वर्षं लोकांची अंगं चेपलीस, आज काहीतरी शीक."

लोक हसले. मी अंगणातल्या खराट्याची काडी मोडली आणि ताईच्या डोळ्यांवर तिचंच उपरणं टाकलं.

"टोचलं की सांग."

गुडघ्यावर ती "हं" म्हणाली. नडगीवरही "हं". मग बराच वेळ काहीच नाही.

"अगं, टोचतेयस ना? का गेलीस?" ताईने विचारलं.

काडी तिच्या तळव्यात रुतून वाकली होती. पुढच्या रांगेतल्यांना ती दिसत होती. हसू थांबलं.

"कधीपासून असं, ताई?"

"झाली असतील दोन वर्षं. एकदा बाजारातून घरी आले, तर एका पायात चप्पलच नव्हती. आधी आग आग व्हायची, ती थांबली. म्हटलं, सुटले."

"मग बोलली का नाहीस?"

"जे दुखत नाही ते काय सांगायचं, बाई?"

मी माझा पाय परातीत बुडवला आणि लाल फाळावर टेकवून उचलला. तसाच जाळ उठला. पाय शाबूत होता.

"माझ्यात कुणीही नाही," मी म्हणाले. "जाळ तेलाचा आहे. तेलाने निथळणारा, घट्टे पडलेला तळवा क्षणभर टेकला तर भाजायला वेळच मिळत नाही. गुरुजी, तुम्ही पाच मोजेपर्यंत ठेवा."

"आजेगुरू असल्या पैजा लावत नाहीत."

"मग तीनच मोजू," तो कमरेचा म्हातारा म्हणाला. आता लोक गुरुजींना हसले. गुरुजी परात आवरू लागले.

ताई हसली नाही. तिने डोळ्यांवरचं उपरणं काढलं.

"म्हणजे मी बरी झाले नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग उपरण्याची घडी घालत म्हणाली, "तीन बुधवार माणसं मला हात जोडत होती गं."

शहरातल्या दवाखान्यात तिचं पाऊल घोट्यापासून काढलं. डॉक्टरीण म्हणाली, साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात, मग भाजलेलं कळत नाही आणि जखम आतून सडत जाते. मी मान हलवत ऐकलं. तिसऱ्या दिवशी ताई पट्टीच्या वर हात ठेवून कण्हली, "इथं दुखतंय गं." तेव्हा कुठे मला रडू आलं.

म्हणून सांगते. अंगाला हात लावणारा कुणीही असो, त्याने आधी दुखतं का ते विचारायला हवं. लोखंड टेकवलं आणि दुखलं नाही, तर हात जोडू नका, दवाखाना गाठा. गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. घरात साखरेचं माणूस असेल तर त्याचे दोन्ही तळवे रोज उलटून बघा, उजेडात बघा. आमच्या ताईचा आता एकच उरला आहे. तो मी रोज बघते.