मेन स्विच

एकनाथराव हल्ली घराबाहेर पडत आणि परतीची वाट विसरत. म्हणून त्यांच्या लेकीने, त्रिवेणीने, आबिड्सची दुकानं पालथी घातली. माझ्याच बापाला बघायचं महिन्याचं भाडं कशाला, असं ऑनलाइन रेकॉर्डिंगचा कॅमेरा गळ्यात मारू पाहणाऱ्या दुकानदाराला सुनावून तिने वायरवाला कॅमेरा आणला आणि दाराकडे तोंड करून लावला. रेकॉर्डिंग घरातच राहणार होतं.

आज दुपारी पंखा थांबला, तशी ती जागी झाली. दार सताड उघडं, बाबा नाहीत. बरकतपुऱ्याच्या गल्ल्या धुंडाळून ती रिकाम्या हाताने परतली. मेन स्विच बंद होता. तो चालू करून तिने रेकॉर्डिंग लावलं. डावीकडे गेले की उजवीकडे, एवढं तरी कळू दे.

पडद्यावर बाबांनी चपला घातल्या. मग, बाहेर पडताना जन्मभर करत आले तसं, मेन स्विचकडे हात नेला. त्यापुढे चित्रच नव्हतं.