कारणाचा रकाना

बेकरीत कणीक मळणारा माणूस दारातून आत आला, पायपुसण्यावर चपला घासल्या, आणि कलमकाकांच्या समोरची रिकामी खुर्ची ओलांडून पलीकडच्या टेबलापुढच्या बाकावर जाऊन बसला. बाकावर आधीच चौघं होती. त्यांनी सरकून जागा केली, तरी त्याचं अर्धं अंग बाहेरच राहिलं.

“इकडे या की. रिकामाच आहे मी,” कलमकाका म्हणाले.

“असू द्या काका. बसतो इथेच.”

एवढं बोलून त्यानं कागदांची पिशवी मांडीवर घेतली आणि नजर फरशीकडे वळवली. कलमकाकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. सहा वर्षं या माणसाचा फॉर्म त्यांनी भरला होता. त्याचा पगार, त्याचा घरचा पत्ता, त्याच्या सहीतला तो उगाच लांबवलेला शेवटचा फराटा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आणि आता हा अर्ध्या बाकावर तोल सावरत बसणार, पण खुर्चीत बसणार नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्षअखेरचे तीन महिने, दर शनिवारी सकाळी, कमी कमाईच्या लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून मिळत. पगारातून महिन्याच्या महिन्याला कर कापला जायचा. ज्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत, त्याला तो परत मिळायचा, वर एखादा भत्ताही मिळायचा. पण मागितला तरच. आणि मागायचा म्हणजे चौदा पानांचा फॉर्म, ज्याच्या भाषेनं शिकल्यासवरल्या माणसालाही घाम फुटावा. कलमकाका यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं पगारखात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ते या खोलीत येऊन बसले, त्याला आता नऊ वर्षं होत आली. कुठलं कलम कुठे लागतं हे ते पुस्तक न उघडता सांगत, म्हणून त्यांचं नाव कलमकाका पडलं. खोडाखोड नाही, शाईचा डाग नाही. त्यांनी भरलेला एकही फॉर्म कधी परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसले, तरी कुणी विचारली तर त्यांना बरं वाटे.

बाई आल्या गेल्या वर्षी. बावीस वर्षं बायकांचे केस कापायचं दुकान चालवलं, बोटं आखडायला लागली तसं दुकान बंद केलं, आठ दिवसांचा सरकारी वर्ग केला आणि पलीकडच्या टेबलाशी येऊन बसल्या. “कात्री ठेवून पेन धरलंय. बघू या किती दिवस टिकतात,” असं कलमकाका तेव्हा ग्रंथपालांना हसून म्हणाले होते. पेनही नव्हतं, पेन्सिल होती. बाई लिहायच्या, खोडायच्या, परत लिहायच्या. त्याआधी अर्धा तास नुसत्या गप्पा. घरी कोण कोण असतं, सकाळी किती वाजता उठता, चूल कोण सांभाळतं, झोप लागते का. जणू समोरच्याचे केसच कापायचे आहेत. तेवढ्या वेळात कलमकाकांचे तीन फॉर्म हातावेगळे होत. आणि तरी या वर्षी बाईंचा बाक भरलेला, आणि काकांच्या खुर्चीत कुणी आलंच तर बाकावर जागा नाही म्हणून.

घरी बायकोच्या हे सगळं लक्षात आलं होतं. शनिवारी दुपारी ते घरात शिरले की ती आतूनच विचारायची, “काय म्हणते सवत?” पहिल्या वेळी काका हसले. दुसऱ्या वेळी त्यांनी पिशवी जरा जोरात खुंटीला अडकवली. मग तिनं विचारणं सोडलं, पण तोंड दाबून हसणं काही सोडलं नाही.

काकांनी काय काय केलं, ते त्यांचं त्यांनाच नंतर आठवेनासं झालं असतं तर बरं. गप्पांचा वाचकांना त्रास होतो, अशी त्यांनी ग्रंथपालांकडे तक्रार केली. वाचकांपैकी कुणीच ती केली नव्हती. उजेडाचं कारण काढून एका सकाळी त्यांनी बाक आपल्या टेबलाकडे दोन हात सरकवला. लोक तिथेच बसले, आणि पाळी आली की उठून बाईंकडे गेले. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींचा परतावा मिळाला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. काकांनी त्या मावशींचे पाच फॉर्म भरले होते. पाच वर्षांत त्यांच्या वाट्याला मानेचा हलकासा होकार आला होता. त्या दिवशी काका वेळेआधीच घरी गेले.

मग मुदत संपायच्या आदल्या शनिवारी बाई आल्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ग्रंथपाल त्यांच्या खणाची किल्ली घेऊन काकांकडे आले. आतले फॉर्म सोमवारच्या आत पाठवायचे आहेत, एकदा नजरेखालून घाला, असं म्हणाले. जाता जाता पुढे म्हणाले, “बाईंनीच तुमचं नाव सुचवलं.”

खोटं कशाला बोला, किल्ली हातात आली तेव्हा काकांना आनंद झाला. पेन्सिलीनं भरलेले, गप्पा मारत भरलेले फॉर्म! त्यांनी लाल पेन बाहेर काढलं. पहिल्या गठ्ठ्यात त्यांना एका तारखेत गफलत सापडली, एका पत्त्यात पिन चुकलेला. चार फॉर्म झाले, दहा झाले. बाकी बोट ठेवायला जागा नव्हती. लाल पेनाची शाई वाळायला लागली.

खणाच्या तळाशी दुसरा गठ्ठा होता, नाडीनं बांधलेला. हे दुरुस्ती अर्ज होते. एखाद्याचा मागच्या वर्षांचा फॉर्म चुकला असेल, तर चार वर्षं मागे जाऊन तो सुधारून मागता येई. सगळ्यात वर बेकरीवाल्याचा अर्ज होता, आणि त्याला जोडलेल्या जुन्या फॉर्मच्या प्रतींवर स्वच्छ, टपोरं, एकाही ठिकाणी न खोडलेलं अक्षर होतं. काकांचं.

चूक एकच होती. पुरवणी सात. घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाचं जो स्वतः करतो, त्याला वेगळा भत्ता मिळतो. पण मूळ फॉर्ममध्ये त्याचा प्रश्नच नाही, पुरवणी आपण होऊन जोडावी लागते. काकांना ती पाठ होती. कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी झटक्यात जोडली असती. बेकरीवाल्याचे वडील अंथरुणाला खिळून होते. सात वर्षं. पहाटे त्यांना पुसून काढून, कपडे बदलून तो कामाला जात होता, असं बाईंनी सोबतच्या कागदावर लिहिलं होतं.

काकांनी दुसरा अर्ज काढला, तिसरा काढला. सगळ्यांना त्यांचंच अक्षर जोडलेलं. एकूण सतरा. आणि प्रत्येकावर, चूक का झाली या कारणाच्या रकान्यात, एकच वाक्य होतं: ‘अर्जदाराने माहिती दिली नव्हती.’ खाली अर्जदाराची सही. बेकरीवाल्याचा लांब फराटा. कुणाचा अंगठा.

काकांना पत्ता न लागू देता हे वर्षभर चाललं होतं. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तो प्रत्येक जण जाता येता त्यांना काका म्हणत होता.

त्यांना लाज वाटली, पण आधी वाटला तो राग. बाईंनी चारचौघांत त्यांची चूक उघडी पाडली असती, मिरवली असती, तर त्यांना जळायला तरी काही उरलं असतं. हिनं तेवढंही ठेवलं नाही. आता तर तिचा चांगुलपणासुद्धा आपल्यापेक्षा मोठा निघाला, हे त्यांच्या वर्मी लागलं.

शाळेतल्या मावशी आपला अर्ज गेला का विचारायला आल्या, तेव्हा काका गठ्ठा पुढ्यात घेऊन तसेच बसले होते. मावशींनी नाडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बसा म्हणायची वाट न पाहता त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

“तुमच्या घरी कोण आहे?” काकांनी विचारलं.

“नवरा. कमरेखाली हलत नाही.”

“पाच वर्षांत मला कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही पगार विचारलात, तो सांगितला. नवऱ्याचं करते हे काय कागदावर सांगायचं असतं होय?”

काकांनी रकान्यावर बोट ठेवलं. “मग हे असं का लिहून दिलंत? चूक तर माझी आहे.”

“बाईंनी विचारलं, कारण काय लिहू. मी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं असं लिहा. खोटं कुठे आहे त्यात? तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फिट्टंफाट.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तुमचं नाव गेलं असतं वर, तर तुम्ही इथे बसला असता का परत? इतकी वर्षं बसलात ना.”

त्या गेल्यावर काकांनी सतराही अर्ज पुन्हा तपासले, पाकिटात घातले आणि स्वतः टपालकचेरीत जाऊन नोंदणी करून पाठवले. घरी आल्यावर हातपायही न धुता ते बायकोला सगळं सांगत सुटले. ती भाजी निवडत होती. सवतीचा विनोद तिनं केला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “तुमच्या आईचं मी अकरा वर्षं केलं. मी तरी कुठे कुणाला सांगितलं?”

“मला माहीतच होतं की ते.”

“हो. माहीत होतं,” ती म्हणाली, आणि देठं वेगळी करत राहिली.

काका बराच वेळ तिच्या हातांकडे बघत उभे होते. मग त्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढली. नऊ वर्षांच्या प्रती त्यांनी वर्षवार लावून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या जमिनीवर पसरून, बाईंकडे जे गेले ते एका बाजूला काढले. उरलेल्यांत काही गाव सोडून गेले होते, दोघं वारले होते. जे कधीच बाईंच्या बाकावर बसले नाहीत, असे अकरा निघाले. दुरुस्तीची मुदत वेगळी होती, अजून महिनाभर बाकी होती, आणि तोवर खोली शनिवारी उघडी असायची. त्यांनी अकरा पत्ते एका कागदावर उतरवून घेतले.

पहिला पत्ता इस्पितळातल्या लिफ्टवाल्याचा होता. रविवारी दुपारी काका तीन जिने चढून गेले, तेव्हा तो बनियनवर दार उघडून बघतच राहिला. काही चुकलं का काका, असं त्यानं घाबरून विचारलं. काका म्हणाले, बसू दे जरा, मग सांगतो.

खोली एकच होती. खिडकीशी एक मोठा, रुंद खांद्यांचा माणूस खाली बसून टेबलाच्या पायाशी बोटं फिरवत होता. वय चाळिशीचं. धाकटा भाऊ, लिफ्टवाला म्हणाला. बोलत नाही, जन्मापासूनच.

त्याच्या पाचही वर्षांच्या फॉर्मवर, कुटुंबातील व्यक्ती या ओळीत, काकांनी ‘एकटा’ असं लिहिलं होतं.

“मी ‘लग्न?’ असं विचारलं असेन,” काका म्हणाले.

“हो. मी नाही म्हटलं.”

काकांनी पिशवीतून कोरे कागद काढले, पण लिहायला घेतलं नाही. दिवस कसा जातो, त्यांनी विचारलं. लिफ्टवाल्यानं आधी दोन शब्दांत सांगितलं. मग काका काही बोलत नाहीत असं पाहून तो आणखी थोडं बोलला. मग खुर्ची पुढे ओढून नीट सांगायला लागला. पाळीवर जाताना भावाला खोलीत कोंडून जावं लागतं. शेजारीण मधून बघते. दिवे गेले की तो ओरडतो, तेव्हा कामावरून पळत यावं लागतं, आणि तेवढे पैसे कापतात. बोलता बोलता त्याचा आवाज बसला. भावानं तेवढ्यापुरतं वर पाहिलं, आणि पुन्हा टेबलाच्या पायाकडे वळला. काका मधे एकदाही कलम म्हणाले नाहीत.

ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, तेव्हा कुठे अर्ज भरून झाला. शेवटी कारणाचा रकाना आला.

“तिथे लिहा, मी सांगितलं नव्हतं,” लिफ्टवाला म्हणाला.

काकांनी क्षणभर पेन वर धरलं. मग त्यांनी लिहिलं: ‘फॉर्म भरणाऱ्याने विचारले नाही.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव, सही, आणि पत्ता. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही. एक शब्द खोडावाही लागला.

लिफ्टवाल्यानं कागद हातात घेऊन ते वाक्य दोनदा वाचलं. कागद परत देताना त्यानं विचारलं, “पगाराचे कागद शनिवारी घेऊन येतो. बाईंकडे देऊ ना? सगळे तिकडेच असतात म्हणे.”

काका उठले होते ते थांबले. पिशवीचा बंद त्यांनी खांद्यावर सारखा केला.

“नको,” ते म्हणाले. “माझ्याकडेच या.”